व्हॅली ऑफ फ्लॉवर्स : महिना कसा निवडायचा

‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला कधी जावं?’ असं चार जणांना विचारा. जुलैत गेलेला जुलै म्हणेल, ऑगस्टवाला ऑगस्टसाठी भांडेल, सप्टेंबरवाला ‘पाऊस नाही, गर्दी नाही, आणखी काय हवं?’ असं विचारेल, आणि चौथा कुरकुरेल, ‘आम्ही जूनमध्ये गेलो होतो, फुलं कसली, नुसता बर्फ.’ चौघंही खरंच बोलत असतात. प्रत्येकाने वेगळी दरी पाहिलेली असते, एवढंच.

मराठी घरांची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. आपल्या मोठ्या सहली मे महिन्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीला बांधलेल्या. हे राष्ट्रीय उद्यान उघडतं 1 जूनला आणि बंद होतं 31 ऑक्टोबरला. मे महिन्यात दार बंद. दिवाळीत एक तर दार बंद, नाहीतर दरी वाळून तांबूस झालेली. शाळा बुडवल्याशिवाय फुलं दिसणार नाहीत, हे आधी घरात एकदा ठरवून टाकावं.

जागा कुठे आहे ते थोडक्यात. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या रस्त्यावर जोशीमठच्या पुढे गोविंदघाट लागतं. तिथून पुलना गावापर्यंत जीप जाते, मग साधारण दहा किलोमीटर चढत घांघरियाला पोचायचं. घांघरिया सुमारे 3,050 मीटरवर आहे, आणि मुक्काम तिथेच करावा लागतो, कारण उद्यानात राहायला परवानगी नाही. सकाळी आत जायचं, संध्याकाळच्या आत परत यायचं. घांघरियाहून एक वाट दरीकडे जाते, दुसरी हेमकुंड साहिब या गुरुद्वाराकडे. दरी 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. त्याआधी ती जगाला ठाऊक झाली ती 1931 मध्ये, कामेट शिखर सर करून परतणारे ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती पावसाधुक्यात भ्युंडार खिंड ओलांडून इथे उतरले तेव्हा. महिना कोणता होता? जुलै. त्यांच्या नशिबाने ऐन बहर होता. आपल्याला तो ठरवून गाठायचा आहे.

फुलं कशाची वाट बघतात?

आपल्या डोक्यात फुलांचं पठार म्हणजे कास. त्यामुळे कासचा हिशोब आपण नकळत हिमालयाला लावतो आणि तिथेच चुकतो.

कास साताऱ्याजवळ, साधारण 1,200 मीटरवर. तिथे थंडीने झाडांचं काही अडत नाही, अडतं ते पाण्याने. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर. पाऊस आला की तो भिजतो, पाऊस गेला की बघता बघता वाळतो. त्यामुळे सगळा कारभार पाऊस ठरवतो: मुसळधार ओसरून उघडीप सुरू झाली की फुलायचं आणि माती कोरडी व्हायच्या आत बी धरायचं. म्हणून कासचा बहर ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्समधली कुरणं 3,200 मीटरच्या वर सुरू होतात. उंची हजार मीटरने वाढली की तापमान ढोबळमानाने सहा अंशांनी उतरतं. म्हणजे आपल्या किनाऱ्यापेक्षा ही जागा वीसेक अंशांनी थंड. इथे पाण्याची ददात नाही, वितळणारा बर्फ आणि नंतर पाऊस दोन्ही भरपूर. तुटवडा आहे तो उबेचा. बर्फ हटतो मे-जूनमध्ये, आणि सप्टेंबर संपता संपता रात्री पुन्हा गोठू लागतात. उगवणं, फुलणं, परागण, बी धरणं, सगळं या चारेक महिन्यांत उरकायचं. इतक्या कमी वेळात निभाव लागावा म्हणून अशा उंचीवरच्या बऱ्याच वनस्पती फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच जमिनीलगत तयार करून ठेवतात. बर्फ हटला की तयारी करत बसायला नको, थेट फुलायचं.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. फुलांचं वेळापत्रक पावसावर कमी आणि बर्फ कधी हटतो यावर जास्त अवलंबून आहे. हिवाळ्यात बर्फ खूप पडला किंवा वसंत उशिरा आला, तर पहिल्या फुलांच्या तारखा आठवडा-दोन आठवडे पुढे सरकतात. म्हणून ‘अमुक तारखेला अमुक फूल’ असे तक्ते सरासरी म्हणूनच वाचावेत. त्यापेक्षा मे महिन्याच्या शेवटी घांघरियातल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून ‘दरीच्या वाटेवर बर्फ किती आहे?’ एवढं विचारावं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे जुलैअखेरची हरिद्वारची तिकिटं तुम्ही मेअखेरीसच काढणार असता. फोन आणि तिकीट एकाच आठवड्यात होतं, हे सोयीचं आहे.

चढावर कॅलेंडर मागे जातं

उंचीबरोबर ऊब कमी होते, म्हणून वरचा बर्फ उशिरा वितळतो आणि वरची फुलं उशिरा फुलतात. घांघरियाच्या आसपास जे फूल कोमेजायला लागलंय, तेच आणखी पाचशे मीटर चढल्यावर ताजं सापडू शकतं. तुमची तारीख थोडी चुकली तरी पाय शाबूत असतील तर चूक अर्धी भरून निघते: उशीर झाला असेल तर वर चढा, लवकर आला असाल तर खाली थांबा.

हेमकुंडची वाट इथे कामाला येते. ती सहा किलोमीटरच्या आसपास, पण जवळपास अकराशे मीटर चढते आणि चार हजार मीटरच्या पलीकडे जाते. ब्रह्मकमळ बघायचं असेल तर ते दरीत नाही, इथे, शेवटच्या टप्प्यात. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरमध्ये काही दिवसांपर्यंत. (आपल्याकडे बाल्कनीत रात्री उमलतं आणि सगळी सोसायटी फोटो काढायला जमते ते ब्रह्मकमळ वेगळं. ते मूळचं अमेरिका खंडातलं निवडुंगाच्या कुळातलं झाड. हिमालयातलं हे सूर्यफुलाच्या कुळातलं, फिकट कागदासारख्या पानांत गुंडाळलेलं.) दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी दरी आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड हा क्रम ठेवा. शरीराला उंचीची सवय व्हायला एक रात्र जास्त मिळते, डोकेदुखी आणि मळमळ टळण्याची शक्यता वाढते.

एक पंगत उठते, दुसरी बसते

दरीत फुलणाऱ्या जाती पाचशेहून जास्त आहेत, पण त्या एकाच वेळी फुलत नाहीत. लग्नातल्या पंगतींसारखं चालतं: पहिली उठली की दुसरी बसते, आणि हॉल कायम भरलेला दिसतो. फक्त तुम्ही कोणत्या पंगतीला पोचता ते तुम्हाला ठरवायचं आहे.

जून म्हणजे ठेंगण्या फुलांचा महिना. बर्फाच्या कडेकडेने प्रिम्युला, पाणथळ जागी पिवळे मार्श मॅरिगोल्ड, भोजपत्राच्या रानाजवळ ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं. फुलं आहेत, पण वाकून बघावी लागतात. ‘गालिचा’ बघायला आलेला माणूस हमखास हिरमुसतो. मात्र आजूबाजूची शिखरं पांढरी असतात आणि गवत इतकं छोटं की दरीचा आकार स्पष्ट दिसतो. फोटोग्राफरांपैकी काहींना हाच महिना आवडतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. एक सावधगिरी: हिवाळ्यात नाळांमधून घसरून आलेला बर्फ वाटेवर साचलेला असतो. स्थानिक लोक त्यालाही ‘ग्लेशियर’च म्हणतात. खालून ओढा वाहत असतो आणि वरचा बर्फ पोखरत असतो. वाट कापून दिलेली असेल तिथूनच ओलांडावा, फोटोसाठी त्याच्या कडेला जाऊ नये.

जुलैचा दुसरा आठवडा ते ऑगस्टचा पहिला आठवडा हा विविधतेचा काळ. रानजिरेनियमचे जांभळे, पोटेंटिलाचे लाल, पेडिक्युलॅरिसचे गुलाबी, नदीकाठच्या गोट्यांमध्ये एपिलोबियम, खडकांच्या आडोशाला निळी पॉपी. नाग फणा काढून उभा आहे असं वाटायला लावणारी कोब्रा लिलीही असते. कोणतं फूल कुठलं ते बघण्यात, वहीत टिपण्यात, लेन्स लावून बसण्यात ज्यांना रस आहे त्यांनी डोळे मिटून हाच काळ घ्यावा. नंतर उंच झाडं माजली की ही बुटकी मंडळी त्यांच्याखाली दिसेनाशी होतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर रंग मोठ्या पट्ट्यांत दिसतात. जाती तेवढ्या नजरेत भरत नाहीत, पण दोन-तीन फुलांनी सगळी दरी व्यापलेली. पोस्टरवर दिसते ती दरी ही. गुलाबी लाट असते ती हिमालयन बाल्समची, म्हणजे आपल्या तेरड्याच्या भावकीतलीच. आपल्याकडे ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, इथे हा गुलाबी रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. झाडं माणसाच्या छातीपर्यंत येतात आणि पायवाट त्यांच्यामधून जाते.

गुलाबीच्या मध्ये पांढऱ्या फुलांची दाट झुडपं दिसली की पर्यटक खूष होतात. वनखातं खूष होत नाही. ते बहुधा पॉलिगोनम असतं, स्थानिक लोक त्याला अमेला म्हणतात. ते उंच वाढतं, दाट वाढतं आणि खालच्या छोट्या वनस्पतींचा उजेड अडवतं. पूर्वी इथे उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्या चरायला यायच्या. उद्यान झाल्यावर चराई बंद झाली, आणि त्यानंतर अमेला फोफावला असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण वनखातं दरवर्षी माणसं लावून तो उपटतं हे खरं. तेव्हा वाटेत कुणी सुंदर पांढरी झुडपं मुळासकट काढताना दिसलं तर भांडायला जाऊ नका.

सप्टेंबरमध्ये वरच्या उतारांवर निळे जेन्शियन, खाली बियांनी लगडलेले देठ, पानांवर पिवळी-तांबडी झाक. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत अजून बऱ्यापैकी फुलं मिळतात, त्यानंतर वेगाने कमी होतात. भाद्रपद शुद्ध अष्टमीला इकडच्या गावांत नंदाष्टमी असते, देवीला ब्रह्मकमळं वाहतात. त्याच सुमारास कोकणात घरोघर तेरड्याच्या गौरी बसलेल्या असतात. तिथी असल्यामुळे हा सण ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत कुठेही येऊ शकतो. ऑक्टोबरमध्ये फुलांसाठी जाऊच नये. भोजपत्राची पिवळी पानं, निळंभोर आकाश, शांतता यासाठी जावं, आणि हेमकुंड साधारण 10 ऑक्टोबरच्या सुमाराला बंद होतं हे लक्षात ठेवावं.

पाऊस दरीत त्रास देत नाही, रस्त्यात देतो

फुलांचा बहर आणि पावसाळा एकाच वेळी येतात, याला इलाज नाही. पण ‘पावसाळ्यात कसं जायचं’ हा प्रश्न दोन भागांत फोडला की सोपा होतो.

दरीतला पाऊस बहुतेक दिवस झिमझिम आणि धुकं. ज्याने जुलैत सह्याद्री चढलाय त्याला तो पाऊस वाटणारही नाही. चांगला पोंचो, पिशवीला कव्हर आणि घट्ट पकडीचे बूट असले की काम भागतं. छत्री मात्र वाटेवरच्या वाऱ्यात नुसती अडचण. उतार आणि ओला खडक यांना हलक्यात घेऊ नये. 1939 साली फुलं गोळा करायला आलेल्या जोन मार्गारेट लेग या वनस्पती अभ्यासक इथेच उतारावरून घसरून दगावल्या. त्यांची समाधी दरीत आहे, तारीख 4 जुलै.

खरी डोकेदुखी ऋषिकेश ते गोविंदघाट या सुमारे 270 किलोमीटर रस्त्याची. हिमालय भूशास्त्राच्या हिशोबाने तरुण डोंगर आहे, अजून उचलला जातोय, त्याचे खडक चिरफाळलेले आहेत. जोशीमठच्या अलीकडे हेलंगजवळून तर एक मोठी भ्रंशरेषा, म्हणजे खडकांतली खोल भेग, जाते. खुद्द जोशीमठ जुन्या दरडींच्या ढिगाऱ्यावर वसलंय, आणि जानेवारी 2023 मध्ये तिथल्या घरांना पडलेले तडे सगळ्या देशाने पाहिले. अशा उतारांचा पायथा रस्त्यासाठी कापला की वरच्या भाराला आधार उरत नाही. पावसाचं पाणी भेगांत आणि मातीत मुरतं, वजन वाढतं, कणांमधली पकड सुटते, आणि दरड खाली येते. पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून कित्येकदा पाऊस थांबून स्वच्छ ऊन पडल्यावरही रस्ता बंद होतो. ‘आज आकाश निरभ्र आहे, म्हणजे निघायला हरकत नाही’ हा तर्क इथे चालत नाही. आदल्या दोन-तीन दिवसांत किती कोसळला ते विचारायचं.

रस्ता बहुतेक वेळा काही तासांत मोकळा होतो, कधी दिवस जातो. म्हणून जुलै-ऑगस्टच्या सहलीत दोन दिवस मोकळे ठेवणं ही चैन नाही, तो सहलीचाच भाग आहे. येताना हरिद्वारची गाडी ज्या संध्याकाळी आहे त्याच सकाळी जोशीमठहून निघण्याचा बेत कुणी टूरवाला आखून देत असेल तर दुसरा टूरवाला बघावा. प्रवास पहाटे सुरू करून अंधाराच्या आत संपवावा.

आणि सरासरी ही सरासरीच असते. उत्तराखंडात मॉन्सून साधारण जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत पोचतो, पण 2013 मध्ये महाप्रलय आला तो 16-17 जूनला. घांघरियाच्या वाटेवरचं भ्युंडार गाव आणि गोविंदघाट उद्ध्वस्त झालं, दरी त्या मोसमात पर्यटकांना बंद राहिली. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर पैसे गेले तरी चालतील, पुढे जाऊ नये.

गर्दीचं पंचांग

फुलांना इंग्रजी तारखा लागू पडतात, गर्दीला तिथ्या. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी सुरू होतो. त्या पंधरवड्यात, म्हणजे आपल्या आषाढ वद्यात, हरिद्वार-ऋषिकेशला कावड यात्रा असते. लाखो लोक पायी गंगाजल न्यायला येतात, रस्ते वळवले जातात, खोल्या मिळत नाहीत. आपल्याकडे गटारीचे बेत चालू असतात तेव्हा यात्रा संपत आलेली असते. 2025 मध्ये ती जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती जुलैच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जाते, म्हणजे नेमकी ऐन बहरात. तिकीट काढण्याआधी कालनिर्णय भिंतीवरून खाली काढून आषाढी अमावस्या कधी आहे ते बघायला एक मिनिट लागतं. यात्रा टाळता येत नसेल तर हरिद्वारला न उतरता डेहराडूनमार्गे जायचा विचार करावा.

दुसरी गर्दी 15 ऑगस्टच्या आगेमागची. दिल्लीकर गाड्या काढून येतात, आणि घांघरियासारख्या छोट्या जागेत राहायची सोय मोजकीच. मे-जूनमध्ये चारधामची गर्दी असते, ती पाऊस सुरू झाला की ओसरते.

तासांचाही मोसम असतो

महिना अचूक निवडला आणि सकाळी दहाला फाटकावर पोचलात, तर निम्मं घालवलंत. ऊन चढलं की उतार तापतात, दरीतली हवा वर चढते, थंड होते आणि तिचे ढग होतात. म्हणून पावसाळ्यात शिखरं दिसतात ती पहाटे आणि सकाळी, दुपारी सगळं पांढरं. फाटक सातच्या सुमारास उघडतं, तेव्हा तिथे असावं. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडावं लागतं, तेव्हा उशीर दोन्ही बाजूंनी महाग पडतो. दरीत खेचरं नेता येत नाहीत. चालवत नसेल त्यांच्यासाठी पाठीवरच्या टोपलीची, म्हणजे कंडीची, सोय होते.

मग कोणी कधी जावं?

एकदाच जायचं असेल आणि पाय धड असतील, तर मी 25 जुलै ते 10 ऑगस्ट सुचवेन. तेव्हा जाती अजून बऱ्याच टिकून असतात, गुलाबी पट्टे सुरू झालेले असतात, ब्रह्मकमळही उमललेलं असतं. त्या वर्षी कावड यात्रा मध्ये येत असेल तर आठवडाभर इकडे-तिकडे सरकवा.

सत्तरीचे आईबाबा बरोबर असतील तर ऑगस्टची शेवटची तारीख ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. पोस्टरमधली दरी थोडी फिकी झालेली असेल, पण पाऊस उतरणीला लागलेला असतो, रस्ता जास्त भरवशाचा असतो, हेमकुंडला खेचरावरून जाता येतं आणि घांघरियात खालच्या मजल्यावरची खोली मागितली तर मिळते. नोकरीत रजा मोजूनच मिळत असेल, दोन मोकळे दिवस काढणं शक्यच नसेल, तरीही हाच काळ. जुलैअखेरीस चार दिवसांची धावती सहल आखून रस्त्यावर अडकण्यापेक्षा कमी फुलं परवडली.

मुलांच्या शाळेमुळे मे महिन्याशिवाय गत्यंतर नसेल, तर ही दरी यादीतून सरळ काढा आणि बद्रीनाथ-औली करून या. हेमकुंड मेच्या शेवटी उघडलंच, तर घांघरियापर्यंतची वाट चालता येईल, वर सरोवर बहुधा गोठलेलं असेल. फुलांसाठी मुलं थोडी मोठी होईपर्यंत थांबावं, किंवा सातारा गाठावा: कासला गणपतीच्या सुट्टीत शाळा न बुडवता जाता येतं.